वसईची वाडी आणि राखणीची बंदूक

वाचकहो, वसईचे नाव काढले की कुणाला किल्ला आठवतो, कुणाला केळीच्या वाड्या, कुणाला पिवळीधमक सुकेळी, तर कुणाला विरारच्या गाडीतली गर्दी. आज मी तुम्हाला वसईला नेणार आहे ते मात्र एका वेगळ्याच वस्तूसाठी. ही वस्तू म्हणजे शेतकऱ्याच्या घरातली ठासणीची बंदूक, आणि तिच्यापेक्षाही तिच्याबरोबरचा किरकोळ पसारा: दारूची शिंगडी, टोप्यांची डबी, गज, छर्ऱ्यांची पिशवी, खांद्याचा पट्टा.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा वस्तूंसाठी कशाला प्रवास करायचा? पण असे पाहा. बंदूक परवान्यावर लिहिलेली असायची. तिचा नंबर कचेरीत असायचा. या बारक्या वस्तूंचा नंबर कुठेच नव्हता. त्यामुळे बंदूक गेली तेव्हा कागदावर तिची नोंद तरी राहिली. शिंगडी, डबी, पट्टा मात्र माळ्यावरून उतरले आणि मुकाट्याने भंगारवाल्याच्या काट्यावर गेले. जुन्या घरातली माणसे आज बंदुकीपेक्षा या वस्तूंचीच आठवण जास्त काढतात, कारण हाताळायला मिळायच्या त्या याच. बंदुकीला हात लावू नको अशी पोरांना सक्त ताकीद असे. रिकामी डबी मात्र खेळायला मिळे.

वसईला जायचे कसे, ते आधी सांगतो. मुंबईहून पश्चिम रेल्वेने विरारकडे जाणारी कोणतीही धिमी गाडी धरा आणि भाईंदरनंतरची रुंद खाडी ओलांडून वसई रोड स्थानकावर उतरा. पश्चिमेला बाहेर पडलात की किल्ल्याकडे जायला बस आणि रिक्षा दोन्ही मिळतात. बरोबर पाण्याची बाटली आणि टोपी ठेवा, कारण किल्ल्याचा पसारा मोठा आहे आणि उन्हात चालावे लागते. पावसाळ्यात गेलात तर गवत गुडघाभर वाढलेले असते. पायाखाली नीट पाहून चाला.

किल्ल्यात काय पाहाल

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे दोनशे वर्षे ती त्यांच्याकडे राहिली. त्यांनी इथे केवळ किल्ला नव्हे, तर तटाच्या आत एक पुरते शहरच वसवले. चर्चची उंच मोडकी शिखरे, मठांच्या कमानी आणि दगडी वाटा आजही दिसतात. पण आपण आलो आहोत बंदुकीच्या मागावर. तेव्हा नजर तटाकडे वळवा.

आपल्या डोंगरी किल्ल्यांचे बुरूज बहुधा गोल असतात. वसईचे बुरूज तसे नाहीत. ते बाणाच्या फाळासारखे टोकदार आहेत, आणि असे दहा बुरूज तटाला आहेत. असे का? शेताच्या कोपऱ्यावर माळा बांधला की दोन्ही बांध एकाच जागेवरून दिसतात, तसाच हा हिशेब. टोकदार बुरुजावरचा बंदूकवाला शेजारच्या तटाच्या पायापर्यंत नीट नेम धरू शकतो. कुठेही आडोसा उरत नाही. म्हणजे या किल्ल्याचा आकारच तोफेने आणि बंदुकीने ठरवला.

त्या काळची बंदूक म्हणजे तोड्याची बंदूक. तिला जामगीची बंदूकही म्हणत. जामगी म्हणजे संथ जळत राहणारी दोरी. चाप ओढला की ही पेटती दोरी खाली येई, कानाशी ठेवलेल्या रंजकीला, म्हणजे बारीक दारूला लागे, आणि बार उडे. पोर्तुगीजांच्या गोव्यात असल्या बंदुका घडत. १५४३ साली पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर तोड्याच्या बंदुका जपानातल्या एका लहानशा बेटावर उतरल्या, आणि काही वर्षांतच जपानी लोहारांनी तसल्याच हजारो बंदुका घडवल्या. वसईच्या धक्क्याला लागणारी गलबते कुठल्या मोठ्या जगाशी जोडलेली होती, याचा अंदाज यावरून येईल.

ही बंदूक नुसती बंदूक म्हणून कधीच पुरी नव्हती. दोरी हवी, दारू हवी, दारू कोरडी ठेवायला शिंग हवे, रंजकीची वेगळी दाणी हवी, गोळ्यांची पिशवी हवी, ठासायला गज हवा. शिपायाच्या अंगावर जेवढे शस्त्र, तेवढाच हा संसार. काडतुसे आली तेव्हा ती ठेवायला चामडी पेटी आली. तिला आपल्याकडे तोसदान म्हणत. आणि ‘काडतूस’ हा शब्द तरी कुठला? पोर्तुगीजांच्या ‘कार्तूशु’वरून तो आला. ‘पिस्तूल’ही त्यांचेच. चावी, पगार, घमेले, मेज हे शब्द त्याच गलबतातून उतरले. घमेले हाताशी असल्याशिवाय आपले शेत चालत नाही, पण ते परक्याच्या घरचे आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही.

मराठ्यांची वसईची मोहीम १७३७ साली सुरू झाली आणि चिमाजी आप्पांनी मे १७३९ मध्ये किल्ला घेतला. वेढा फार कठीण होता. तटाखाली खणून सुरुंग भरले आणि सेंट सेबॅस्टियन बुरुजाच्या बाजूला तट फोडला. माणसे दोन्हीकडची फार पडली. शेवटी किल्लेकऱ्यांनी शरणागती पत्करली, तेव्हा त्यांना शस्त्रांसह आणि मानाने बाहेर जाऊ दिले. आज किल्ल्यात चिमाजी आप्पांचे स्मारक आहे. तिथे घटकाभर उभे राहा. ‘सुरुंग लावणे’ हे आपण बोलता बोलता सहज म्हणून जातो. इथे तो खरोखर लावला होता, आणि तो लावणारी माणसे तुमच्याआमच्यासारख्या कुणब्याकोळ्यांच्या घरचीही होती.

किल्ल्यातून वाडीत

किल्ल्याबाहेर पडलात की लगेच वाड्यांचा मुलूख लागतो. पापडीवरून निर्मळ, गास, भुईगाव, आगाशी अशी गावे घ्या. झाडांच्या सावलीतून जाणारे अरुंद रस्ते, दोन्ही बाजूंना केळी, नारळ, पानवेल, फुलझाडे आणि भाजीचे वाफे. मध्येच हिरव्या पाण्याचे बावखल दिसेल. बावखल म्हणजे वसईचे खास गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात मुरायचे, आणि पूर्वी रहाटाने उपसून तेच वाडीला द्यायचे. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही इथली विहीर गोडी राहिली ती या बावखलांच्या जिवावर.

वाडी आली म्हणजे राखण आली. पिकलेल्या केळीच्या लोंगरावर रात्री वटवाघळे उतरतात. दाण्यावर पोपट येतात. आणि पूर्वेला, रेल्वेच्या पलीकडे तुंगारेश्वरच्या डोंगराखाली भातशेती सुरू झाली की रानडुक्कर येते. पारोळ, भाताणे, मेढे या बाजूचा शेतकरी तुम्हाला सांगेल, एक कळप रात्रीतून काय करून जातो ते. डुक्कर जितके खाते त्याच्या कितीतरी पट तुडवते आणि उकरते.

राखणीची हत्यारे पायरीपायरीने होती. पहिले बुजगावणे. मग पत्र्याचा डबा. मग गोफण. वारल्यांच्या पाड्यावर तीरकामठा आणि गलोल. आणि सगळ्यात शेवटी, गावात एखाद्या-दुसऱ्या घरी, ठासणीची बंदूक.

ठासणीचा संसार

ठासणीच्या बंदुकीचे भाग आणि त्यांची नावे एकदा ऐकून ठेवा, कारण आता ती सांगणारे थोडे उरले. लोखंडाची लांब ती नळी. खांद्याला टेकवायचा लाकडी भाग तो दस्ता. बोटाने ओढायचा तो चाप. वर उचलून मागे ओढायचा तो घोडा. नळीच्या टोकाला नेम धरायचा बारीक उंचवटा ती माशी. आणि घोडा जिथे आपटतो ते छोटेसे टोक, त्यावर बसायची तांब्याची टोपी. तिला कोकणात केप म्हणतात.

या टोपीची हकिगत मोठी मजेची आहे. तिच्यामागची कल्पना स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या एका धर्मोपदेशकाची. त्याला पाखरांच्या शिकारीचा नाद. त्या वेळच्या चकमकीच्या बंदुकीत चाप ओढल्यावर आधी ठिणगी आणि धूर दिसे, आणि मग बार सुटे. तेवढ्या वेळात पाखरे उडून जात. आपटल्याबरोबर पेटणारा मसाला वापरून त्याने ही अडचण सोडवली आणि १८०७ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे काही वर्षांत तो मसाला तांब्याच्या इवल्याशा टोपीत भरून येऊ लागला. पाखरांपायी निघालेली युक्ती पाखरे हाकायलाच आपल्या वाडीत पोचली.

आता पसाऱ्याकडे वळू. पहिली शिंगडी. बैलाचे किंवा म्हशीचे शिंग आतून साफ करायचे, रुंद तोंड लाकडाने बंद करायचे आणि टोकाला बूच बसवायचे. दारूला शिंगच का? शिंगात ओल शिरत नाही, ते गंजत नाही, आणि दगडावर आपटले तरी ठिणगी पडत नाही. कोकणच्या पावसात याची किंमत कळते. भात पोटरीत येते तेव्हा आभाळ अजून गळत असते. दारू सादळली की बंदूक म्हणजे नुसती काठी. ‘फुसका बार’ म्हणतात तो हाच. म्हणून घरातली बाई चुलीच्या वर, पण आगीपासून लांब, अशी कोरडी जागा पाहून शिंगडी टांगायची, आणि पोरांचा हात तिथे पोचत नाही ना, ते पाहायची. बंदूक पुरुषाच्या नावावर असली, तरी दारू कोरडी ठेवण्याचे काम बहुधा तिचेच.

दुसरी वस्तू गज. हा नळीखालच्या खोबणीत बसायचा. दारू, त्यावर काथ्याचा किंवा चिंधीचा बोळा, मग छर्रे, आणि पुन्हा बोळा, असे सारे गजाने ठासायचे. ‘ठासून भरणे’ म्हणजे काय ते गजाला विचारावे. पण गजाचे आणखी एक मोलाचे काम होते. जाणती माणसे गजावर खूण करून ठेवीत. रिकाम्या नळीत गज खुणेपर्यंत आत जाई. खूण वर राहिली तर बंदूक भरलेली आहे. अंधारात, दिव्याशिवाय, नुसत्या बोटाने हे कळे. या एका खुणेने किती घरे वाचवली असतील!

तिसरी वस्तू टोप्यांची डबी. गोल, पत्र्याची, तळहातात मावेल एवढी. लंडनच्या एली ब्रदर्ससारख्या कंपन्यांच्या टोप्या अशा डब्यांतून जगभर जात. टोप्या संपल्या की डबीला दुसरा जन्म. कुणी तिच्यात तपकीर ठेवी, कुणी सुया, कुणी नथीचा मोती. झाकणावरचा रंग उडून जाई, तरी डबी टिके.

आणि चौथा पट्टा. मूळचा पट्टा तुटला की गावचा चांभार बैलाच्या सामानातले कातडे लावून नवा करी. चाप सैल झाला, दस्त्याला चीर गेली, की लोहार-सुतार आपल्या परीने जोडून देत. दुकानातल्यासारखे देखणे काम ते नसे. पण हाताला बसलेले असे. मोट, नांगर, बैलगाडी जशी गावच्या हातांनी चालू राही, तशीच ही बंदूकही. एवढे मात्र सांगतो, आज कायद्याने बंदुकीची दुरुस्तीसुद्धा परवाना असलेल्यालाच करता येते. तेव्हा त्या जुन्या रीतीचे कौतुक करावे, अनुकरण करू नये.

डिस्पोजलचा माल

ही झाली घरगुती ठासणीची गोष्ट. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले, तेव्हा आणखी एक माल बाजारात आला. लष्कराने उरलेसुरले सामान विकायला काढले, आणि लोक त्याला ‘डिस्पोजलचा माल’ म्हणू लागले. खाकी पिशव्या, जाड विणीचे पट्टे, पाण्याच्या बाटल्या, मेणकापड, ब्लँकेटे आणि काडतुसांच्या रिकाम्या लोखंडी पेट्या. मुंबईच्या चोरबाजारासारख्या ठिकाणी असला जुना माल पुढे कित्येक वर्षे मिळत राहिला. भाजी-फुलांच्या पाट्या घेऊन मुंबईला रोज जाणाऱ्या वसईकराला मुंबईचा बाजार काही नवा नव्हता.

शिपायाची रायफल कुणा शेतकऱ्याच्या हाती येण्याचा प्रश्नच नव्हता. पण तिच्या सोबतचे सामान आले, आणि ते शेतीला कामी लागले. काडतुसांच्या पेटीला रबरी पट्टी असे, झाकण घट्ट बसे. तिच्यात उंदीर शिरत नाही, ओल शिरत नाही. बियाणे, सातबाऱ्याचे उतारे, सोसायटीच्या पावत्या ठेवायला याहून चांगली पेटी कोणती? काडतुसांचा पट्टा कमरेला बांधून त्यात कोयता अडकवलेला माळी पाहिला, की वाटे, लढाई संपून हत्यारे खरोखरच कामाला लागली.

एक गंमत सांगतो. रायफलीत गोळ्यांची जी पेटी बसते तिला मॅगझीन म्हणतात. मासिकालाही इंग्रजीत मॅगझीनच म्हणतात. दोन्हींचे मूळ एकच, अरबीतला ‘मखझन’, म्हणजे कोठार. एकात दारूगोळा, दुसऱ्यात मजकूर. मुंबईत रे रोडजवळ एका भागाचे नाव अजून ‘दारूखाना’ आहे. तीही तसलीच कोठाराची आठवण.

परवाना आणि राखण

१८७८ साली इंग्रज सरकारने शस्त्रांचा कायदा केला, आणि या देशात हत्यार बाळगायला परवाना लागू लागला. स्वराज्यात १९५९ साली नवा कायदा झाला. त्यात शेतकऱ्याची आठवण ठेवलेली आहे. खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल तर तिच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे, आणि ठासणीने भागत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर साध्या नळीची दुसरी बंदूकही देता येते. म्हणजे दिल्लीत कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे माळ्यावर रात्र काढणारा माणूस होता.

मग ही बंदूक गेली कशी? कारणे एकाहून अधिक आहेत. काडतुसाची बंदूक आली, तेव्हा ठासणी जुनी झाली. दारू आणि टोप्या मिळणे अवघड झाले. परवान्याचे नूतनीकरण, आणि निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करण्याचा हुकूम, या खेपांना माणसे कंटाळली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. हाही लागणारच होता, कारण शिकारीच्या नावाखाली जंगले ओस पडत चालली होती. आता उभ्या पिकाचा नाश करणाऱ्या डुकरालाही वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय मारता येत नाही. तुंगारेश्वरचे सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे जंगल २००३ साली अभयारण्य झाले. पिकाचे नुकसान झाले तर वनखात्याकडून भरपाई मिळण्याची सोय आहे. त्यासाठी नुकसान दिसल्याबरोबर वनरक्षकाला कळवा आणि पंचनामा करून घ्या. उशीर केलात तर पुरावा राहत नाही.

पण वाचकहो, मला विचाराल तर सगळ्यात मोठे कारण यातले एकही नाही. वसईत बंदूक गेली, कारण राखायला वाडीच राहिली नाही.

विरार, नालासोपारा, वसई रोड या स्थानकांभोवती पाहता पाहता इमारती उठल्या. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती १२ लाखांच्या वर गेली. २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि वसई त्यात आली. कित्येक बावखले बुजली. उपसा वाढला तशा विहिरी मचूळ झाल्या. जिथे वटवाघळे हाकायला रात्र जागायची, तिथे आता रात्रभर दिवे जळतात. राखणदार म्हातारा झाला, मुलगा नोकरीला लागला, आणि शिंगडी माळ्यावर गेली.

सगळेच निमूट बसले असे मात्र नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून इथल्या लोकांनी ‘हरित वसई’ची चळवळ उभी केली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. २०२० साली धाराशिवला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ साली ते गेले. वसईची हिरवाई आणि पाणी वाचावे म्हणून ते आणि त्यांच्याबरोबरची माणसे वर्षानुवर्षे झटली. तीही राखणच. फक्त माळ्याऐवजी सभा आली आणि शिंगडीऐवजी अर्जांची फाईल. आज पश्चिमेच्या गावांत जी सावली तुम्हाला मिळेल, तिच्यामागे ही जागरणे आहेत.

घरात काही सापडले तर

आता कामाचे सांगतो. तुमच्या घरात आजोबांच्या वेळची बंदूक असेल, आणि परवाना त्यांच्या नावाचा असून ते वारले असतील, तर बंदूक तशीच ठेवू नका. विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. वारसाला स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करता येतो. अर्ज वसईत पोलीस आयुक्तालयाकडे करायचा. २०२० पासून मीरा-भाईंदर आणि वसई-विरारला वेगळे आयुक्तालय आहे. पालघर जिल्ह्याच्या इतर भागांत जिल्हाधिकारी कचेरीत जा.

अगदी जुन्या घडणीची, मोडकी, दुरुस्त करूनही चालणार नाही अशी बंदूक, तसेच बंदुकीला जोडून वापरायचे नाहीत असे किरकोळ भाग, यांना कायद्याच्या ४५ व्या कलमात सूट आहे. पण आपली बंदूक त्यात बसते की नाही, हे आपल्या मनाने ठरवू नका. ते ठाण्यात दाखवून लेखी घ्या. जुनी बंदूक भरलेली असू शकते, हे तर कधीच विसरू नका. पन्नास वर्षे पडून असली तरी. शिंगडीत दारू शिल्लक असेल तर ती चुलीजवळ उघडू नका, उन्हात ओतू नका. पोलिसांना सांगा. ते नेतील.

आणि एक ताकीद. प्लॅस्टिकच्या नळीत कार्बाइड आणि पाणी घालून आवाज काढायची स्वस्त ‘तोफ’ माकडे हाकायला म्हणून विकली जाते. हल्ली ती दिवाळीत पोरांच्या हातात आली. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात या नळ्यांनी शंभराहून अधिक जणांना इजा झाली. त्यात मुले फार होती, आणि कित्येकांच्या डोळ्यांना मार बसला. बार का झाला नाही म्हणून मूल नळीत डोकावते, आणि त्याच क्षणी भडका उडतो. आपल्या आजोबांच्या गजावर निदान खूण होती. या नळीला कसलीच खूण नाही. ती घरात आणू नका.

रिकामी शिंगडी, टोप्यांची रिकामी डबी, जुना पट्टा, पत्र्याची पेटी यांत भिण्यासारखे काही नाही. भंगारात यांचे चार-दोन रुपये येतील. ते घेण्याआधी एक करा. घरातल्या सगळ्यात वयस्क माणसापुढे ती वस्तू ठेवा आणि विचारा, ही काय, आणि कशाला होती? मग बाजूला बसून ऐका. तुमचे कोणते शेत कुठपर्यंत होते, बावखल कुठे होते, डुकरे कुठल्या बाजूने यायची, माळा कुणाच्या आंब्यावर बांधायचे, रात्रीच्या राखणीला शेजारच्या घरचे कोण यायचे, हे सारे त्या एका शिंगडीतून निघेल. नंतर चिठ्ठीवर नाव, गाव आणि सांगितलेले चार शब्द लिहून वस्तूला बांधून ठेवा. शाळेच्या मास्तरांना दाखवा. दिवाळीत पोरे मातीचा किल्ला करतात, त्याच्या शेजारी मांडा.

वसईला गेलात तर किल्ला पाहाच. पण परतीच्या गाडीची घाई करू नका. निर्मळच्या किंवा आगाशीच्या वाटेने एखाद्या वाडीत जा, यजमानाला रामराम करा, केळीची फणी विकत घ्या आणि विचारा, इथे राखणीला पूर्वी काय होते? वाडी अजून उभी आहे, आणि सांगणारा अजून आहे, तोवरच हे विचारून घ्या.